सादृश्याचा वाद आणि १८३२ सालचे जयपूर : उत्क्रांतिवादापूर्वीच्या शारीरशास्त्रज्ञांतील मतभेद

१८३२ सालच्या पूर्वार्धात व्हिक्तॉर झाकमाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दिल्लीहून निघून आमेर-जयपूर आणि अजमेर या मार्गाने माळव्यात उतरला व तेथून दख्खनकडे वळला. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने वार्षिक सहा हजार फ्रँक वेतनावर त्याची नेमणूक केली होती. भारतातील वनस्पती, प्राणी व खडक यांचे नमुने गोळा करून पाठविणे, हे त्याचे काम होते. १८२८ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्समधून निघाला आणि १८२९ च्या मे महिन्यात कलकत्त्यास पोहोचला. त्यानंतर हिमालय, रणजितसिंहाचे लाहोर आणि काश्मीर पाहून तो राजपुतान्यात आला होता. पावसाळ्यात तो पुण्यात होता. तेथे जडलेल्या दुखण्यातून तो पुरता उठला नाही आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत त्याचा मृत्यू झाला.

ज्या संग्रहालयासाठी तो जयपूरच्या वाटेने हिंडत होता, ते या काळात दोन तटांत विभागले गेले होते. प्राण्यांच्या शरीररचनेतील साम्याचा अर्थ काय, या प्रश्नावर त्याच संस्थेतील दोन प्राध्यापक, झॉर्झ क्यूव्ह्ये आणि एत्येन झॉफ्र्वा सँतिलेर, १८३० मध्ये जाहीरपणे परस्परांविरुद्ध उभे राहिले. विज्ञानाच्या इतिहासात या वादाची गणना बहुधा डार्विनच्या पूर्वरंगात केली जाते. 'तौलनिक' हे विशेषण ज्या शास्त्राकडून साहित्याभ्यासाने घेतले, त्या शास्त्राच्या गाभ्यातील हा वाद असल्याने साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे आणखी एक कारणाने महत्त्व आहे. दोन वस्तू 'सारख्या' आहेत असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा त्या वादाचा मूळ प्रश्न होता. तो शारीरशास्त्रापुरता मर्यादित राहिला नाही.

१. दोन प्राध्यापक, एक संग्रहालय

झॉफ्र्वा १७९३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, या संग्रहालयात प्राणिविज्ञानाचा प्राध्यापक झाला. क्यूव्ह्ये १७९५ मध्ये पॅरिसला आला, तो झॉफ्र्वाच्याच निमंत्रणावरून. आरंभी दोघांनी एकत्र लेखन केले. पुढे १७९८ मध्ये झॉफ्र्वा नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ईजिप्तला गेला. क्यूव्ह्येने पॅरिसमध्ये राहून तौलनिक शारीराची पद्धतशीर उभारणी केली.

क्यूव्ह्येच्या विचारात अवयवाचे कार्य प्रधान होते. प्राणी ही एक अखंड व्यवस्था असून तिचा प्रत्येक भाग इतर भागांशी जुळणारा असलाच पाहिजे. ज्याचे आतडे मांस पचविण्याजोगे, त्याचे दात मांस फाडणारे, पंजे भक्ष्य धरणारे आणि इंद्रिये भक्ष्य हेरणारी असणार. या जुळणीला त्याने 'अस्तित्वाच्या अटी' असे नाव दिले. याच तत्त्वाच्या बळावर तो थोड्याशा हाडांवरून नष्ट झालेल्या प्राण्याचे स्वरूप सांगू शके. १८१७ च्या 'प्राणिसृष्टी' या ग्रंथात त्याने सर्व प्राण्यांची पृष्ठवंशी, मृदुकाय, संधियुक्त आणि अरीय अशा चार शाखांत वाटणी केली. या शाखांत मधला दुवा नाही आणि एका शाखेचा आराखडा दुसऱ्या शाखेत शोधणे निरर्थक आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

झॉफ्र्वाच्या लेखी रचना आधी आणि कार्य नंतर. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांची कामे निराळी. परंतु त्यांतील हाडांचा परस्परांशी असलेला जोड सारखाच. हाड लांबेल, आखूड होईल, क्वचित नाहीसेही होईल, पण आपली जागा सोडून दुसरीकडे जाणार नाही. १८१८ च्या 'शारीरिक तत्त्वज्ञान' या ग्रंथात मांडलेले हे 'संबंधांचे तत्त्व' त्याच्या पद्धतीचा कणा होय. अवयवाची ओळख त्याच्या आकारावरून वा कामावरून न पटविता शेजारच्या अवयवांशी असलेल्या नात्यावरून पटवावी, असा त्याचा आशय. या तत्त्वाने तो कधी चुकलाही. माशाच्या कल्ल्यांवरील झाकणाची हाडे म्हणजेच सस्तन प्राण्यांच्या कानातील सूक्ष्म हाडे, हे त्याचे समीकरण टिकले नाही. परंतु कानातील या हाडांचे मूळ इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या जबड्याच्या व कल्ल्यांच्या परिसरातील भागांत शोधावे लागते, हे पुढील संशोधनाने त्याच पद्धतीने दाखविले. उदाहरण चुकले, पद्धत टिकली.

संग्रहालयातील तिसरा प्राध्यापक लामार्क. १८०९ च्या 'प्राणिवैज्ञानिक तत्त्वज्ञान' या ग्रंथात त्याने जाती बदलतात असे स्पष्टपणे मांडले. झॉफ्र्वाने ईजिप्तहून आणलेल्या प्राण्यांच्या ममी या प्रश्नावर साक्षीस काढल्या गेल्या. तीन हजार वर्षांपूर्वीचा पवित्र आयबिस आजच्यासारखाच आहे, म्हणून जाती स्थिर आहेत, असा क्यूव्ह्येचा निष्कर्ष होता. लामार्कने उत्तर दिले की, ईजिप्तचे हवामान त्या काळात बदललेले नाही. मग पक्षी बदलावा कशाला? एकच पुरावा, त्यावर दोन वाचने. पुराव्याने वाद मिटत नाही, पुरावा वाचण्याची रीतच वादाचा विषय असते, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

२. १८३० चा वाद

ठिणगी पडली ती एका गौण निबंधावरून. मेरां आणि लोरांसे या दोन तरुण संशोधकांनी असे सुचविले होते की, पृष्ठवंशी प्राणी पाठीकडे दुमडून त्याची मान पार्श्वभागाला टेकवली, तर त्याच्या आतील अवयवांची मांडणी माखलीसारख्या शीर्षपाद प्राण्याच्या मांडणीशी जुळते. १५ फेब्रुवारी १८३० रोजी विज्ञान अकादमीत झॉफ्र्वाने या निबंधावर अनुकूल अहवाल वाचला. ही कल्पना ग्राह्य ठरली असती, तर मृदुकाय व पृष्ठवंशी यांमधील भिंत कोसळली असती. पुढच्याच आठवड्यात क्यूव्ह्येने आकृत्यांच्या साहाय्याने दाखवून दिले की, अवयवांची नावे सारखी असली तरी त्यांची मांडणी जुळत नाही, आणि काही अवयव एका बाजूस आहेत तर दुसऱ्या बाजूस मुळीच नाहीत. एप्रिलपर्यंत हा वाद चालला. कंठिकास्थीसारख्या एखाद्या हाडावर सभेच्या सभा खर्ची पडल्या. तपशिलाच्या लढाईत क्यूव्ह्ये वरचढ ठरला, असेच बहुतेक समकालीनांचे मत होते.

'आराखड्याची एकता' या शब्दप्रयोगावर क्यूव्ह्येने घेतलेला आक्षेप विशेष लक्षणीय आहे. एकता म्हणजे तादात्म्य असेल, तर ती प्रत्यक्षात नाही. एकता म्हणजे नुसते साम्य असेल, तर त्यात नवीन काही नाही, ॲरिस्टॉटलपासून ते ठाऊक आहे. झॉफ्र्वाला यावर तपशिलाने उत्तर देता आले नाही. तो ज्याचा शोध घेत होता ती गोष्ट तादात्म्य आणि वरवरचे साम्य या दोहोंच्या मध्ये होती, आणि तिला त्या वेळी नाव नव्हते. १८४३ मध्ये रिचर्ड ओवेनने 'समजातता' आणि 'कार्यसादृश्य' अशी फोड केली, तेव्हा त्या मधल्या जागेला संज्ञा मिळाली.

जाती बदलतात काय, हा १८३० च्या वादाचा विषय नव्हता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. झॉफ्र्वा परिस्थितीजन्य बदलाच्या कल्पनेकडे पुढे अधिकाधिक झुकला हे खरे, परंतु अकादमीतील त्याची बाजू जातींच्या वंशेतिहासावर उभी नव्हती. म्हणून क्यूव्ह्येला 'प्रतिगामी' आणि झॉफ्र्वाला 'डार्विनचा अग्रदूत' ठरविणारी मांडणी कालविपर्यासाची ठरते. मिशेल फूको यांनी १९६६ मध्ये याच्या उलट टोकाची मांडणी केली. प्राणिसृष्टीची अखंड साखळी तोडून जीवाला त्याच्या अस्तित्वाच्या अटींशी बांधणाऱ्या क्यूव्ह्येमुळेच जीवनाला इतिहास असण्याची शक्यता निर्माण झाली, असे ते म्हणतात. हे मत सर्वांना मान्य झाले नाही. तथापि, वादातील कोणत्या बाजूला भविष्य होते हे ठरविणे किती अवघड आहे, ते त्यावरून कळते.

३. साहित्यातील पडसाद

हा वाद साहित्यिकांनी उचलून धरला, ही घटना योगायोगाची नव्हती. एकेरमानने नोंदविलेल्या आठवणीनुसार, २ ऑगस्ट १८३० रोजी पॅरिसमधील स्फोटाविषयी उत्तेजित होऊन बोलणाऱ्या गटेला जुलै क्रांतीविषयी बोलायचे असावे, असे सोरेला वाटले. गटेच्या मनात मात्र क्यूव्ह्ये-झॉफ्र्वा वाद होता. माणसाच्या वरच्या जबड्यात अंतर्हनु अस्थीचे अस्तित्व १७८४ मध्ये दाखवून गटेने स्वतः रचनेच्या एकतेचा पक्ष घेतला होता. या वादावर त्याने दोन भागांत लिहिले आणि त्यातील दुसरा भाग प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, मार्च १८३२ मध्ये, तो निवर्तला.

बाल्झाकची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. १८३१ च्या 'ला पो द शाग्रँ' या कादंबरीत तो क्यूव्ह्येला शतकातील थोर कवी म्हणून गौरवितो, कारण हाडांच्या तुकड्यांतून तो गाडलेली जगे उभी करतो. १८४२ मध्ये 'मानवी सुखात्मिके'ची प्रस्तावना लिहिताना मात्र तो झॉफ्र्वाच्या एकतेच्या तत्त्वाचा आधार घेतो. निसर्गातील प्राणिजातींप्रमाणे समाजातही मनुष्यजाती असतात आणि परिस्थिती त्यांना घडविते, अशी त्याची मांडणी आहे. 'पेर गोर्यो'ची अर्पणपत्रिकाही झॉफ्र्वाच्या नावे आहे. एका वस्तूवरून संपूर्ण घर, घरावरून त्यातील माणूस उभा करण्याची त्याची वर्णनरीती क्यूव्ह्येची. सर्व पात्रांना एका व्यवस्थेत गोवण्याची महत्त्वाकांक्षा झॉफ्र्वाची. शास्त्रज्ञांना जे दोन पक्ष एकत्र नांदवता आले नाहीत, ते कादंबरीकाराने नांदवले.

'तौलनिक साहित्य' या संज्ञेचा जन्मही याच वातावरणातला. क्यूव्ह्येची 'तौलनिक शारीरावरील व्याख्याने' १८०० ते १८०५ या काळात प्रसिद्ध झाली आणि 'तौलनिक' हे विशेषण शास्त्रीयतेची खूण बनले. १८१६ मध्ये नोएल आणि लाप्लास यांच्या वेच्यांच्या संग्रहावर 'तौलनिक साहित्य' हे शब्द आले. फ्रान्समध्ये या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी झाँ-झाक आंपेर याने काव्याच्या तौलनिक इतिहासावरील आपली व्याख्याने मार्सेय येथे १८३० च्या मार्चमध्ये, म्हणजे अकादमीतील वाद ऐन भरात असताना, सुरू केली. त्याचे वडील, भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे-मारी आंपेर, झॉफ्र्वाच्या मताला अनुकूल होते. झाँ-झाक आणि झाकमाँ हे दोघेही पॅरिसमधील देलेक्लूझच्या बैठकीत येणारे, तर स्तांदाल आणि मेरिमे हे त्या बैठकीतले इतर सोबती. ज्या मित्रमंडळातून एक जण नमुने गोळा करीत भारतात आला, त्याच मंडळातून दुसरा साहित्याची तुलना करू लागला.

४. जयपूर : नमुन्यांचे ठिकाण आणि तुलनेचे ठिकाण

झाकमाँच्या प्रवासाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता तुलनेच्या शास्त्रातील श्रमविभागणी स्पष्ट होते. १८३० च्या वसंतात अकादमीत माखलीच्या अवयवांवर खल चालला होता, तेव्हा तो उत्तर भारतात हिमालयाच्या वाटेवर होता. तुलना पॅरिसमध्ये व्हायची. तुलनेसाठी लागणारी वस्तू भारतातून जायची. हा प्रकार नवा नव्हता. १७९६ मध्ये क्यूव्ह्येने हत्तींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. हॉलंडमधून युद्धलूट म्हणून आलेल्या संग्रहातील सिलोनच्या व केपच्या हत्तींच्या कवट्या समोर ठेवून त्याने आशियाई व आफ्रिकी हत्ती भिन्न जातींचे आहेत आणि मॅमथ या दोहोंहून निराळा व नामशेष झालेला आहे, असे दाखविले. जातींचा विलोप ही कल्पना शास्त्रीय पायावर आली ती अशी. क्यूव्ह्येचा सावत्र मुलगा आल्फ्रेद द्युव्होसेल हा देखील नमुने गोळा करण्यासाठीच भारतात आला आणि १८२४ मध्ये मद्रास येथे मरण पावला. बारशिंगाचे शास्त्रीय नाव त्याची आठवण ठेवते.

जयपूरचे नाव या नकाशावर केवळ मुक्काम म्हणून येते. परंतु १८३२ मध्ये, अल्पवयीन तिसऱ्या जयसिंहाच्या नावे कारभार चालत असलेल्या या शहरात, तुलनेचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलेला होता. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले आणि तेथे दगडी यंत्रांची वेधशाळा उभारली. त्याच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणली आणि टॉलेमीचा ग्रंथही अरबीच्या द्वारे संस्कृतात उतरविला. दरबाराने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवून द ला हीरची ज्योतिषकोष्टके मिळविली. ती प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहता त्यांत फरक आढळला. सिद्धान्त, अरबी-फारसी परंपरा आणि युरोपीय कोष्टके अशा तीन मतांची येथे एकाच अंगणात झडती झाली. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या प्रयत्नाची दखल घेतली आहे.

या प्रयोगाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. त्यातून नवी विश्वरचना निर्माण झाली नाही. पण परक्या मताचा नमुना मागवून तो आपल्या मापाने तपासण्याचे काम जयपुरात झाले होते, आणि शतकानंतर त्याच शहरातून जाणारा प्रवासी नमुने परक्या मापासाठी बाहेर नेत होता. तुलना कोण करतो आणि तुलनेची वस्तू कोण होतो, या प्रश्नाची दोन्ही टोके येथे एकत्र येतात.

झाकमाँचा संग्रह पॅरिसला पोहोचला. १८३५ ते १८४४ या काळात त्याचा प्रवासवृत्तान्त व संग्रहाचे वर्णन अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. त्यातील सस्तन प्राणी व पक्षी यांचे वर्णन झॉफ्र्वाचा मुलगा इझिदोर याने केले. राजस्थानच्या कोरड्या भागात वाढणारी बाभळीची एक झुडूपवजा जात आजही झाकमाँचे नाव धारण करते. शास्त्रज्ञ म्हणून तो वर्गीकरणाच्या लॅटिन नावांत उरला. लेखक म्हणून तो उरला आपल्या पत्रांत. १८३३ मध्येच ती छापली गेली, फ्रेंच पत्रवाङ्मयात त्यांना मान मिळाला, आणि १८६७ च्या नव्या संग्रहाला मेरिमेने प्रस्तावना लिहिली. त्याचे शेवटचे पत्र १ डिसेंबर १८३२ चे, मुंबईहून भावाला लिहिलेले. त्यापूर्वी पाचच दिवस, २६ नोव्हेंबरला, पॅरिसच्या अकादमीत क्यूव्ह्येने लामार्कवर लिहिलेला मृत्युलेख वाचला गेला होता. तो वाचला गेला तेव्हा क्यूव्ह्येही हयात नव्हता. त्याच वर्षी १३ मे रोजी त्याचा अंत झाला होता. झाकमाँ ज्या मुंबईत मृत्यू पावला, तेथे त्याच वर्षीच्या ६ जानेवारीपासून बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघू लागले होते. पाश्चात्त्य विद्या मराठीत आणण्याचे काम आणि येथील सृष्टीचे नमुने पश्चिमेला नेण्याचे काम एकाच वर्षी एकाच शहरात चालू होते.

५. शिवालिकचे हाड

नमुने देणाऱ्या भूमीने या वादात काही भर घातली काय? झाकमाँ १८३० मध्ये ज्या शिवालिक टेकड्या ओलांडून हिमालयात गेला, त्यांतून काही वर्षांतच जीवाश्मांचा मोठा साठा हाती आला. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांवर काम करणारा प्रोबी कॉटली यांनी १८३६ मध्ये एका प्रचंड प्राण्याचे वर्णन करून त्याला 'शिवथेरियम', म्हणजे शिवाचा पशू, असे नाव दिले. चार शिंगे, रवंथ करणाऱ्या प्राण्याचे दात आणि सोंडेची शंका यावी असा चेहरा. रवंथ करणारे आणि जाड कातडीचे यांमधील दुवा त्यांना येथे दिसला. पॅरिसमध्ये वृद्ध झॉफ्र्वाने १८३७ मध्ये सांगितले की, हा प्राणी जिराफच होय. फाल्कनर व कॉटली यांना ते मान्य नव्हते. आज शिवथेरियमची गणना जिराफ-कुलातच होते; मात्र तो जिराफ नव्हे. येथेही सत्य तादात्म्य आणि भेद यांच्या मधल्या जागेत, म्हणजे नात्यात, सापडले.

याच थरांतून वानरवर्गीय प्राण्यांचे जीवाश्मही मिळाले. असे जीवाश्म सापडलेले नाहीत, हे क्यूव्ह्येचे विधान त्याच्या मृत्यूनंतर पाचेक वर्षांत फ्रान्स आणि भारत या दोन्ही ठिकाणच्या शोधांनी मागे पडले. फाल्कनर स्वतः मात्र जातींच्या स्थैर्याच्या बाजूनेच दीर्घकाळ राहिला, आणि डार्विनचा स्नेही असूनही नैसर्गिक निवडीचे स्पष्टीकरण त्याला पुरेसे वाटले नाही. पुरावा गोळा करणारा आणि त्याचा अर्थ लावणारा यांच्या वाटा एक असतातच असे नाही.

६. समारोप

१८५९ मध्ये डार्विनने या वादात कोणाची बाजू घेतली? 'जातींचा उगम' या ग्रंथात त्याने दोन्ही तत्त्वे शेजारी ठेवली. आराखड्याच्या एकतेचे कारण समान वंश. अस्तित्वाच्या अटींचे कारण नैसर्गिक निवड. यांपैकी दुसरे तत्त्व त्याने वरचे मानले, कारण वारशाने मिळालेला आराखडा हाही पूर्वी झालेल्या अनुकूलनांचाच ठेवा असतो. म्हणजे वाद निकाली निघाला तो एका पक्षाच्या विजयाने नव्हे. दोघांकडेही नसलेल्या काळाच्या परिमाणाने तो निवला. पुरता निवला असेही नाही. संधिपाद प्राणी म्हणजे उलटा धरलेला पृष्ठवंशी, ही झॉफ्र्वाची १८२२ मधील कल्पना दीर्घकाळ हास्यास्पद मानली गेली. १९९० नंतरच्या दशकात पाठ व पोट ठरविणारी समजात जनुके कीटकांत आणि पृष्ठवंशीयांत उलट बाजूंना कार्य करतात असे आढळले, तेव्हा तिची पुन्हा चर्चा झाली.

साहित्याच्या तुलनेनेही हाच प्रवास केला. १८८६ मध्ये पॉस्नेट यांनी 'तौलनिक साहित्य' हा ग्रंथ उत्क्रांतीच्या चौकटीत लिहिला. २००५ मध्ये फ्रांको मोरेत्ती यांनी साहित्यप्रकारांच्या शाखाविस्तारासाठी वृक्षाची आकृती वापरली. वंशवृक्षाचे रूपक हाती आले की जुना प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो सुटत नाही. ओवी आणि दोहा, पोवाडा आणि युरोपीय बॅलड यांत साम्य दिसते, तेव्हा ते समाजाच्या सारख्या गरजेतून आले, रचनेच्या मुळातून आले, की उसनवारीतून आले, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठरवावे लागते. क्यूव्ह्येचा आक्षेप येथेही लागू पडतो: साम्य म्हणजे काय, ते आधी सांगा.

मराठीत या संदर्भात एक भाषिक अडसरही आहे. 'उत्क्रांती' या शब्दातील 'उत्' हा उपसर्ग वर जाणे सुचवितो, आणि जुन्या संस्कृत वापरात तर उत्क्रांती म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. या शब्दाने विचार करणारा वाचक उत्क्रांतिवादापूर्वीच्या मतांकडे सहजच खालच्या पायऱ्या म्हणून पाहतो. क्यूव्ह्ये आणि झॉफ्र्वा हे कोणत्याही जिन्याच्या पायऱ्या नव्हते. दोघांनी आपल्या काळातील हाडांना दोन निराळे प्रश्न विचारले, आणि दोन्ही प्रश्न आजही विचारावे लागतात. त्यांच्यासाठी नमुने शोधीत जयपूरच्या वाटेने गेलेला तरुण मुंबईच्या दफनभूमीत अर्धे शतक पडून होता. १८८१ मध्ये त्याच्या अस्थी पॅरिसला नेण्यात आल्या आणि त्याच संग्रहालयात ठेवण्यात आल्या. आयुष्यभर तो जेथे नमुने पाठवीत राहिला, तेथेच तो अखेर पोहोचला.